धुऱ्यावरचे चार पंप

सुखदेवमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते उकिडवे बसून गवताची मुळं पाहत होते. पाठीवरचा पंप बाजूला ठेवलेला, पाण्याचा ड्रम भरलेला, तणनाशकाची बाटली सील न फोडता धुऱ्यावर उभी. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. त्या धुऱ्यावर दहा-बारा शेतकरी ताटकळत उभे होते आणि त्यांना बोलावणारी मी. मामांनी मुळाशी चिकटलेली माती दोन बोटांत चोळली, ती भुरभुर खाली सांडली. गावातल्या चुलींचा धूर कुठे चाललाय ते पाहिलं. मग हात झटकून उठले आणि वावराच्या मालकाला म्हणाले, "रामेश्वरभाऊ, आज नाई होत."

मोताळा तालुक्यातल्या त्या गावात मी कृषी सहायक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिलीच नेमणूक. माझं गाव देऊळगाव राजाकडचं. तिथली बोली जालन्याच्या अंगाने जाणारी, त्यामुळे इथलं 'का'साठी 'काऊन' आणि 'हो'साठी 'हाव' कानाला सरावायला दोन महिने लागले. मक्यानंतर थोड्या रानात मोहरी घेऊन पाहा, असं मी घरोघर सांगत फिरले होते आणि एकट्या रामेश्वरने एक एकर पेरली होती. मोहरी छान उगवली, पण तिच्यासोबत मक्याचे सांडलेले दाणेही उगवले आणि ओळींच्या मधे गवताने गालिचा घातला. मोहरी रुंद पानांची. तिला धक्का न लावता फक्त गवतवर्गातली झाडं मारणारं औषध मिळतं. ते कसं फवारायचं, हे दाखवायला मी सगळ्यांना गोळा केलं होतं. फवारणारा माणूस कोण, असं विचारल्यावर अख्ख्या गावाने एकच नाव सांगितलं होतं. आणि तोच माणूस आता नाही म्हणत होता.

"काऊन नाई होत?" रामेश्वरने विचारलं.

"तीन राती झाल्या, थंडी पडून राह्यली. जमीनबी सुकली. गवत आखडून बसलं हाय. आज मारलं तं ते औषध पिणारच नाई."

मी पुस्तकातलं बोलले. औषध पानातून शोषलं जातं, मात्रा बरोबर आहे, गवत दोन-तीन पानांवर आहे, हीच वेळ आहे. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"हाव म्याडम, पानातूनच जाते. पन मराले बी अंगात जोर लागते. तगडं गवत लवकर मरते. उपाशी गवत मरत नाई."

लोक हसले. ते मामांच्या बोलण्याला हसले होते, पण मला वाटलं मलाच हसले. मी हट्टाला पेटले. शेवटी रामेश्वरने मधला मार्ग काढला: अर्धा एकर त्याने स्वतः त्याच दिवशी फवारला, उरलेला अर्धा मामांवर सोपवला. मामांनी त्याला आधी पाणी द्यायला लावलं, थंडी उतरेपर्यंत पाच-सहा दिवस काढले, आणि एका सकाळी दहिवर, म्हणजे पानांवरचं दव, वाळल्यावर येऊन तासाभरात काम उरकून गेले.

तीन आठवड्यांनी मी पाहायला गेले. रामेश्वरच्या भागातलं गवत पिवळं पडून पुन्हा खालच्या पेरातून फुटलं होतं. मामांच्या भागात मोहरी गुडघ्याला लागली होती आणि खाली गवत वाळून गेलं होतं. मामांनी मला मक्याचं एक मेलेलं रोप दाखवलं. "पोंगा ओढा," म्हणाले. पोंगा म्हणजे मधली कोवळी सुरळी. मी नुसता हात लावला तर ती अलगद निघून आली, बुडाशी कुजून तपकिरी झालेली. "पानं हिरवी दिसली तरी फसायचं नाई. पोंगा असा हातात आला का समजायचं, औषध लागलं." मी त्यांचं कौतुक करायला गेले, तर म्हणाले, "थंडी उतरली म्हनून साधलं. नसती उतरली तं माह्यं बी तसंच झालं असतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे मागे हिंडू लागले.

मामा तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे असतील. उंच, किडकिडीत, उन्हाने रापलेले. बुद्धविहाराच्या पलीकडच्या गल्लीत घर; तिथे त्यांच्या पत्नी कमलमामींकडेही माझं जाणं-येणं सुरू झालं. नाल्याकाठी थोडीशी जमीन होती. बाकी वर्षभर लोकांच्या वावरात फवारणी. भर उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा. काम संपलं की विहिरीपासून दूर जाऊन बादलीने आंघोळ आणि फवारणीचे कपडे वेगळ्या पिशवीत. कुणी चेष्टा केली तर म्हणत, "गवताले मारनारं औषध हाय, माह्यावर कायले लागू देऊ?"

मजुरी पंपामागे, फवारलेल्या टाक्यांच्या हिशोबाने मिळायची. म्हणजे ज्या दिवशी नाही म्हटलं, तो दिवस रिकामा. तरी त्यांचं नाही म्हणणं थांबायचं नाही. दहिवर फार असलं तर थांबा, पानावरून औषध वाहून जाते. ऊन कडक झालं तर थांबा. ढग दाटले तर थांबा. मला आधी विचारायचे, "तुमचा मोबाईल काय म्हनून राह्यला?" मी हवामान वाचून दाखवायचे. ते मान हलवायचे आणि मग आपल्या पद्धतीने आभाळ पाहायचे. चुकायचेही. एकदा आभाळ कोरडं सांगून त्यांनी औषध मारलं आणि अर्ध्या तासात सर आली. दुसऱ्या दिवशी स्वतः त्या शेतकऱ्याकडे जाऊन म्हणाले, "ढगाची जबान मले अजून येत नाई भाऊ. पुन्हा मारून देतो."

पण त्यांचा खरा कटाक्ष वाऱ्यावर होता. ते औषध गवत आणि गहू यांत भेद करत नाही. गहूही त्याच कुळातला. मोहरीशेजारी कुणाचा गहू असला, तर मामा वारा पडल्याशिवाय पंपाला हात लावत नसत. आणि वारा अगदीच ठप्प असला, धूर जमिनीलगत नुसता तरंगत असला, तरीही नाही. "तो धूर पाहा, कुठं जावं ते त्याले समजून नाई राह्यलं. औषधबी तसंच हिंडन." हलका, एका दिशेने वाहणारा वारा आणि त्या दिशेला कुणाचं नुकसान होणार नाही असं रान, एवढं जुळलं की मग त्यांचे पाय भराभर चालत.

हे सगळं मला माहीत होतं. पुढे जे झालं, ते माहीत असूनही झालं.

दुसऱ्या वर्षी गावात मोहरी वाढली. आमच्या साहेबांना ती पाहायची होती. तालुक्याहून येणार, वावरात फवारणी चालू असताना फोटो काढणार, तो पुढे पाठवणार. जागा ठरली रामेश्वरचंच वावर. माहितीचा फलक मी आदल्या दिवशी पूर्वेकडच्या धुऱ्यावर लावून घेतला, कारण रस्ता तिकडून होता. त्या धुऱ्यापलीकडे शांताबाईंचा गहू होता. शांताबाई एकट्या राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शेगावला दिलेली. त्यांचं ते वावर म्हणजे एक चिंचोळी पट्टी, वर्षभर घरी खाण्यापुरता गहू पिकवणारी. गहू तेव्हा वीतभर होता.

सकाळी वारा शांत होता, पण साहेब आले नाहीत. अकरा वाजले तसा मावळतीकडून वारा सुटला. फोन आला, साहेब निघालेत. रामेश्वर त्यांना घ्यायला फाट्यावर गेला आणि वावरात आम्ही दोघंच उरलो. मी मामांना पंप भरायला सांगितलं.

"आता नाई," मामा म्हणाले. "वारा सरळ शांताबाईच्या गव्हात चालला. सायेबाले म्हना, च्या घ्या, गाव पाहा. नाई तं उद्या सकाळी या."

"मामा, ते गाडीत बसलेत. एवढ्या लांबून येतायत. अख्खं वावर नका मारू. फलकापाशी चार पंप मारा, फोटो निघेपर्यंत."

"फलकापाशी म्हंजे धुऱ्यालेच लागून."

"चारच पंप," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं असेल, ते मला आज कळतं. नोकरीत नवी, साहेबांपुढे कमी पडायला घाबरलेली मुलगी दिसली असेल. त्यांनी दुपट्टा बांधला, पंप खांद्यावर घेतला, नोझल जमिनीकडे जितकं दाबता येईल तितकं दाबून धरलं आणि चार पंप मारले. साहेबांनी फोटो काढले, मला शाबासकी दिली आणि गेले. औषधाचे बारीक तुषार उन्हात धुऱ्यापलीकडे जाताना मी पाहिले होते. पाहून मी फलक नीट उभा आहे का ते तपासायला वळले.

दहा-बारा दिवसांनी शांताबाईंचा निरोप आला, गहू पिवळा पडून राह्यला, येऊन पाहा. मी गेले. धुऱ्याकडचा निम्मा पट्टा मलूल झाला होता. खरं काय ते मनात आलं, पण मी त्याला बसायला जागा दिली नाही. वाकून पानं पाहिली आणि म्हणाले, "जस्त कमी पडलं असावं. पाणीही जास्त झालेलं दिसतं." वहीत तसं लिहिलंसुद्धा. शांताबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

इतक्यात मामा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गव्हाचं ऐकून आले होते. धुरा ओलांडून गव्हात शिरले, एका रोपाचा पोंगा धरून ओढला. तो हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. ते दोन्ही त्यांनी शांताबाईंपुढे धरले.

"बाई, हे माह्या हातानं झालं. रामेश्वरच्या मोहरीत मारलेलं औषध तुमच्या गव्हावर आलं."

शांताबाईंनी ते हातात घेऊन बुडापाशी पाहिले. मग म्हणाल्या, "वारा तुले दिसला नव्हता काय?"

"दिसला व्हता."

"मंग काऊन मारलं?"

मामा खाली पाहत उभे राहिले. मी त्या दोघांच्या मधे, हातात वही घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'मीच सांगितलं.' दोनच शब्द. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत.

"चुकलं," मामा म्हणाले. "माह्या नाल्याकाठच्या गव्हातला तुमच्या भागाएवढा पट्टा पिकल्यावर तुमी सोंगून न्या. ह्या वर्षी तुमचं खान्यात कमी पडू देनार नाई."

बातमी गावात पसरायला संध्याकाळही लागली नाही. ज्यांना मामांनी वर्षानुवर्षं 'आज नाई' म्हणून परत पाठवलं होतं, त्यांना बोलायला विषय मिळाला. दुसऱ्याले वारा शिकवते अन् स्वतः गहू जाळते, असं पारावर बोललं गेलं. त्या हंगामात मामांना येणारी बोलावणी निम्म्यावर आली. रस्त्यात भेटले की ते मला नेहमीसारखंच, "म्याडम, बरं हाय ना?" म्हणायचे आणि मला वर पाहवायचं नाही.

आठवड्याने मी त्यांच्या वावरात गेले. ते एकटेच गव्हाला पाणी देत होते. मी म्हणाले, "मामा, मी उद्या गावात सांगते, मीच तुम्हाला मारायला लावलं."

त्यांनी फावड्याने पाटाचं बारं फोडलं, पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, मग बोलले. "तुमी नव्या हा. तुमच्यावरचा भरोसा गेला तं उद्या तुमी चांगलं सांगसान तरी कोनी आयकनार नाई. मोहरीबी जाईन अन् तुमीबी जासान. माह्यं नाव जुनं हाय. भरून निघीन."

"पण चूक माझी होती."

"तुमी सांगतलं, ते खरं हाय. पन वारा मले दिसला व्हता अन् पंप माह्या खांद्यावर व्हता. माह्या वाट्याचं मी कोनाले देनार नाई. तुमच्या वाट्याचं तुमी पाहा."

मी माझ्या वाट्याचं तेव्हा अर्धंच पाहिलं. वहीतली जस्ताची नोंद खोडून खरं कारण लिहिलं. साहेबांना फोन करून सांगितलं. ते चिडले, बोलले, मग विषय सोडून दिला. आणि मी शांताबाईंकडे गेले. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

शांताबाईंनी शेंग सोलायची थांबवली नाही. "मले मालूम व्हतं," म्हणाल्या. "त्या दिवशी मी घरच्या दारात उभी व्हती. इकडून सारं दिसते. फोटो तुमीच काढून घेऊन राह्यल्या व्हत्या. म्या म्हनलं, पाहू, बाई कधी येते तं." मग माझ्याकडे सूप सरकवलं. "बसा. शेंगा सोला."

मी बसले आणि अंधार पडेपर्यंत शेंगा सोलल्या. निघताना त्यांना म्हणाले, की गावात मला सांगायचंय, पण मामा नको म्हणतात. त्या म्हणाल्या, "तो नाई म्हनते तं नका सांगू. त्याचं मी पाह्यते."

त्यांनी काय पाहिलं ते मला पुढच्या हिवाळ्यात कळलं. शांताबाईंनी आपल्या त्या चिंचोळ्या पट्टीत गव्हाऐवजी मोहरी पेरली, आणि फवारणीची वेळ आली तेव्हा पारावर जाऊन, चार लोकांसमोर सुखदेवमामांना हाक मारली. "माह्या वावरात तूच मारजो. तुले जवा जमन तवा." मामा तीन सकाळी येऊन, वारा पाहून परत गेले. शांताबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. चौथ्या सकाळी त्यांनी फवारणी केली. ज्या बाईचं नुकसान झालं तिनेच बोलावलं म्हटल्यावर पारावरच्या बोलण्याला जोर राहिला नाही, आणि त्याच आठवड्यात रामेश्वरचं, मग इतरांचं बोलावणं सुरू झालं. मीसुद्धा त्यानंतर शेतकऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत तणनाशकाच्या आधी वारा, थंडी आणि जमिनीतली ओल यांवर बोलू लागले. ते सगळं मामांचं होतं, हे सांगायचे. गव्हाचं मात्र सांगायचे नाही.

पुढे माझी बदली संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याकडे झाली. निघण्याच्या दिवशी मामा बसथांब्यावर आले होते. "तिकडं सातपुड्याचा वारा येत असन, आधी वळखून घेजा," एवढंच म्हणाले. नंतर फोनवर बोलणं व्हायचं. गेल्या हिवाळ्यात फोन आला तो त्यांच्या मुलीचा. मामा झोपेतच गेले होते. मला अंत्ययात्रेला पोचता आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्ध रीतीच्या शोकसभेच्या, दिवशी गेले.

विहारासमोर मांडव होता. वंदना झाली, मग लोक एकेक करून मामांबद्दल बोलायला उठले. कुणी त्यांच्या 'आज नाई'ची नक्कल केली, लोक डोळे पुसत हसले. रामेश्वर बोलला. त्याने गव्हाची गोष्टही काढली: एवढा जाणता माणूस, त्याचीही एकदा चूक झाली, पण त्याने ती लपवली नाही. तो ती चांगल्या मनाने सांगत होता. मी मागच्या रांगेत होते. मला वाटलं, आता गप्प राहिले तर ही गोष्ट कायमची अशीच सांगितली जाईल.

मी उठले. नाव सांगायची गरज नव्हती. म्हणाले, "त्या दिवशी मामा नाही म्हणाले होते. मी त्यांना मारायला लावलं. साहेबांना फोटो हवा होता, म्हणून. त्यांनी वारा ओळखला होता, मला सांगितलाही होता. गव्हात माझ्यासमोर त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं आणि मी गप्प उभी राहिले. गावाला ते मी आज सांगतेय. फार उशिरा सांगतेय." मी खाली बसले. शांताबाई बायकांमधे बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली.

जेवणं झाल्यावर मी मामांच्या घरी गेले. कमलमामी पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले. मला वाटत होतं, त्या मला उठून जायला सांगतील.

"आमाले तं त्यायनं घरी सांगतलं व्हतं, वारा अचानक फिरला म्हनून," त्या म्हणाल्या. "गावाले सांगे, दिसला व्हता. घरात सांगे, फिरला. मी म्हनलं, काऊन असं दोन तऱ्हेचं बोलते हा मानूस? कदी खोटं बोलत नव्हता."

"मामी, माझ्यामुळे..."

"आता समजलं मले," त्या म्हणाल्या. "तुमी आमच्या घरी येत जात व्हत्या. त्यायनं खरं सांगतलं असतं, तं म्या तुमाले पुन्हा दारात उभं केलं नसतं."

मी मान खाली घातली. बाहेर मांडव सोडायचं काम चाललं होतं. मग मामी हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "साखर किती टाकू च्यात?"